समासातल्या पेन्सिलीच्या खुणा

तळहातावर सहज मावेल असं एक पुठ्ठ्याचं कार्ड. रुंदी साडेतीन सेंटीमीटरांहून जराशी जास्त, उंची साडेसहाच्या थोडी पुढं. त्यावर दोन्ही हात डोक्यावर नेऊन चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात उभा असलेला एक खेळाडू, आणि खालच्या पांढऱ्या कडेत त्याचं नाव: डॉइल, एन. वाय. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून अशी बेसबॉलपटूंची कार्डं निघत. हे कार्ड मिळवणं आजही फारसं अवघड नाही. पण चित्र तेच, डॉइल तोच, आणि ‘एन. वाय.’पुढं ‘नॅशनल’ या शब्दाचं आखूड रूप तेवढं जास्त छापलेलं असलं, तर गोष्ट वेगळी. अशी कार्डं जगात बोटांवर मोजण्याइतकीच सापडली आहेत.

झालं होतं असं, की त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दोन डॉइल खेळत होते. लॅरी डॉइल नॅशनल लीगमधल्या जायंट्सकडून आणि जो डॉइल अमेरिकन लीगमधल्या हायलँडर्सकडून. चित्र जो डॉइलचं घेतलं गेलं आणि लीग लॅरीची लागली. चूक लक्षात आली, जादा शब्द काढला गेला, पण तोवर काही कार्डं पाकिटांतून बाहेर पडली होती.

पुठ्ठ्यावरचा हा अर्ध्या शब्दाचा फरक ओहायोतल्या एखाद्या कारकुनाला आणि कॅलिफोर्नियातल्या एखाद्या शिक्षकाला कळायचा कसा? जुन्या कार्डांची दुकानं नव्हती, किमतींची पुस्तकं नव्हती, एकमेकांच्या गावाला जाणंही क्वचित. कळायचं ते टपालानं येणाऱ्या मासिकातून. जुन्या कार्डांच्या नादी लागलेल्या अमेरिकन संग्राहकांची वयस्कर पिढी एकत्र आली की बोलणं हमखास एखाद्या बंद पडलेल्या मासिकाकडे वळतं. कुणाच्या मनात ‘द ट्रेडर स्पीक्स’ असतं, कुणाच्या मनात ‘बेसबॉल हॉबी न्यूज’, तर तुलनेनं तरुण असलेल्यांच्या मनात ‘ओल्ड कार्डबोर्ड’. नावं निराळी, पण आठवण काढण्याची तऱ्हा एकच. त्या आठवणींत खरं किती, गोडवा किती, आणि ही मासिकं गेल्यानं नेमकं काय गेलं, याचा हा आढावा.

आपल्याकडच्या वाचकाला हा नाद अगदीच परका नाही. रणजितसिंहजींची छबी इंग्लंडमधल्या सिगारेटच्या पाकिटांतून निघत असे. काड्यापेट्यांवरची चित्रं जमवणारी मुलं आपल्या वाड्यांत आणि चाळींत होतीच, आणि 1980 च्या दशकात ‘बिग फन’ बबलगमबरोबर येणाऱ्या क्रिकेटच्या कार्डांसाठी पोरांनी दात किडवून घेतले. पण आपला नाद दहावीपर्यंत टिकला आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत गेला. अमेरिकेत काही माणसांचा तो टिकला, आणि त्याला जो आकार आला तो बराचसा एका माणसामुळे.

जेफरसन बर्डिक हा न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावचा. क्राउस-हाइंड्स नावाच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यात तो सुटे भाग जोडत असे. अविवाहित, मितभाषी, आणि संधिवातानं बोटं वाकडी होत चाललेली. त्यानं 1937 साली संग्राहकांसाठी एक छोटं पत्रक सुरू केलं आणि 1939 साली कार्डांची सूची छापली. पुढं तीच ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ म्हणून ओळखली गेली. तिची शेवटची आवृत्ती 1960 ची. त्या सूचीत त्यानं कार्डांना अक्षरं आणि आकडे दिले. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘टी’, सुरुवातीच्या मिठाईच्या कार्डांना ‘ई’, एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘एन’. डॉइलचं कार्ड ज्या संचातलं आहे त्याला ‘टी-206’ म्हणतात ते बर्डिकमुळेच. आज कोट्यवधी रुपयांचे लिलाव होतात ते कारखान्यातल्या एका कामगारानं फावल्या वेळात दिलेल्या या क्रमांकांवर.

बर्डिकनं आपला सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. तीन लाखांहून जास्त छापील वस्तू, त्यांत बेसबॉलची कार्डं तीस हजारांच्या वर. म्युझियमची अट एवढीच, की मांडणी त्यानंच करायची. मग बोटं वळत नसताना वर्षानुवर्षं तिथं बसून हा माणूस आल्बममध्ये कार्डं चिकटवत राहिला. जानेवारी 1963 मध्ये काम संपलं. मार्चमध्ये तो गेला. आजचा संग्राहक ‘चिकटवत राहिला’ हे शब्द वाचून कळवळतो, कारण मागं खळ लागली की कार्डाची किंमत कोसळते. बर्डिकला त्याचं काहीच वाटलं नाही. टी-206 संचातल्याच होनस वॅग्नर या खेळाडूच्या दुर्मीळ कार्डाला त्याच्या सूचीत 50 डॉलर भाव होता, आणि तो सगळ्यांत जास्त होता.

पुढची पत्रकं बर्डिकच्या या मुशीतूनच निघाली. सायक्लोस्टाइल केलेली, कोपऱ्यात पिना मारलेली, शे-दोनशे माणसांत फिरणारी. लिहिणारे, वाचणारे आणि विकणारे तेच. आपल्याकडे ज्यांनी सायक्लोस्टाइलवर अनियतकालिकं पाहिली आहेत, त्यांना त्या कागदाचा खडबडीतपणा वेगळा सांगायला नको. मजकूर बहुतेक याद्यांचाच. अमुक संचात अमुक क्रमांक आहे का? मी पाहिलेलं नाही, कुणी पाहिलंय का? पुढच्या अंकात कुणीतरी कळवायचं: माझ्याकडे आहे, फक्त डाव्या कोपऱ्याला घडी आहे.

मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कोणत्या कार्डांचं अस्तित्व आहे, हेच तेव्हा कुणाला पूर्ण माहीत नव्हतं. तंबाखू कंपन्यांनी आपण काय छापलं याची यादी जपून ठेवली नव्हती. टी-206 संचात 524 कार्डं आहेत, त्यांच्या पाठीवर ‘पीडमाँट’, ‘स्वीट कॅपोरल’, ‘पोलर बेअर’, ‘ओल्ड मिल’ अशा सोळा ब्रँडांच्या जाहिराती आहेत, आणि प्रत्येक खेळाडू प्रत्येक ब्रँडच्या पाठीसह मिळत नाही, हे ज्ञान कोणा विद्यापीठात तयार झालं नाही. हजारो वाचकांनी आपापल्या बुटांच्या खोक्यांतली कार्डं उलटून पाहिली आणि पोस्टकार्डावर कळवलं, तेव्हा ते जमलं. या संचाला संग्राहक ‘मॉन्स्टर’ म्हणतात. 1980 साली बिल हाइटमन यांनी त्याच नावानं या एका संचावर पुस्तक लिहिलं, तेही अशाच साचलेल्या पत्रव्यवहाराच्या पायावर.

‘द ट्रेडर स्पीक्स’ हे 1968 साली डॅन डिशली यांनी लाँग आयलंडवरच्या लेक रॉनकॉनकोमा या गावातून सुरू केलं. ज्यांनी ते पाहिलं आहे, ते आजही त्याचा उल्लेख आपल्या शाळेचा करावा तसा करतात. डौल असा काही नव्हता. पानंच्या पानं जाहिराती, बारीक टाइपात, एकमेकींना खेटून. घेणे आहे, देणे आहे, बदलणे आहे. ‘कॉमन’ म्हणजे फारशा नाव नसलेल्या खेळाडूंची कार्डं घाऊक भावात, नामवंतांची वेगळ्या ओळीत, आणि खाली तळटीप: उत्तर हवं असल्यास स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावलेलं पाकीट सोबत पाठवावं.

वाट पाहणं हा या आठवणींचा गाभा. अंक टपालपेटीत पडायचा आणि माणूस उभ्यानंच पानं उलटायचा, कारण शंभर लोक तीच जाहिरात त्याच दिवशी वाचत असायचे. ज्याचा अंक आधी पोचला, त्याचा फोन आधी लागला. म्हणून काही वर्गणीदार जादा पैसे भरून अंक पहिल्या वर्गाच्या टपालानं मागवत, आणि दूरच्या राज्यांतले लोक कायम कुरकुरत, की आमच्या हातात अंक येईतो माल गेलेला असतो. हे सांगताना आजही त्यांचा आवाज तापतो. चाळीस वर्षांपूर्वी दीड दिवसानं हुकलेलं एखादं कार्ड त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त नेमकं आठवतं.

जुना अंक हातात घेतला की जाहिरातींच्या समासात पेन्सिलीच्या खुणा दिसतात. टिकमार्क, फुल्या, एखाद्या आकड्याभोवती गोल, बाजूला ‘गेलं’. हा वाचक काय शोधत होता, किती देऊ शकत होता, कुठं हुकला, हे सगळं तिथं आहे. छापलेल्या मजकुराइतकंच मोल मला त्या खुणांना द्यावंसं वाटतं.

मग किंमत आली. किंमत आधीही होती, पण ती दोघांच्या पत्रव्यवहारात ठरत असे. जेम्स बेकेट हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी संग्राहकांना प्रश्नावल्या पाठवून भाव गोळा केले आणि 1979 साली डेनिस एकेस यांच्यासोबत किमतींचं पुस्तक काढलं. 1984 च्या नोव्हेंबरात त्यांचं मासिक सुरू झालं. त्यात प्रत्येक कार्डाचा भाव, आणि तो चढला की उतरला हे दाखवणारे बाण. 1981 साली टॉप्स कंपनीची मक्तेदारी मोडून फ्लीअर आणि डॉनरस बाजारात उतरल्या होत्या, कार्डांचा पूर आला होता, आणि दहा वर्षांची पोरं शेअर दलालांसारखे बाण वाचू लागली.

बेकेट यांना दोष देणं सोपं आहे आणि ती फॅशनही आहे. मी देणार नाही. भाव छापला नसता तर फसवले गेले असते ते नवखेच. आजीच्या माळ्यावरचं खोकं घेऊन येणाऱ्या माणसाला दहा डॉलर टेकवून वाटेला लावणारे लोक त्या जुन्या ‘कुटुंबा’तही होतेच. तरी एक फरक पडला, तो नोंदवायला हवा. पूर्वीच्या मासिकाला वाचकाकडून काहीतरी हवं होतं: माहिती, दुरुस्ती, यादीतलं रिकामं घर भरणारी एक ओळ. किमतीच्या मासिकाला त्याच्याकडून फक्त वर्गणी हवी होती.

1973 साली जॉन स्टॉमेन यांनी सुरू केलेलं ‘स्पोर्ट्स कलेक्टर्स डायजेस्ट’ 1981 साली विस्कॉन्सिनमधल्या क्राउस प्रकाशनाकडे गेलं आणि पुढं जाडजूड जाहिरातपत्र बनलं. फ्रँक आणि व्हिव्हियन बार्निंग या जोडप्याचं ‘बेसबॉल हॉबी न्यूज’ 1979 मध्ये निघालं आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं. ‘ट्रेडर स्पीक्स’ त्याआधीच संपलं होतं. 1994 च्या खेळाडूंच्या संपानं नव्या कार्डांचा फुगा फुटला, दुकानं मिटली. जुन्या कार्डांचे संग्राहक मात्र होते तिथंच राहिले, कारण त्यांच्या मालाचा पुरवठा 1911 मध्येच थांबला होता.

1991 साली आणखी एक गोष्ट झाली. कार्डाची स्थिती तपासून, एक ते दहा गुण देऊन, ते प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करणारी पीएसए ही कंपनी सुरू झाली. संग्राहक त्या पेटीला ‘स्लॅब’ म्हणतात. पीएसएनं पहिलं कार्ड प्रमाणित केलं ते वॅग्नरचं. त्याच वर्षी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते 4 लाख 51 हजार डॉलरना घेतलं होतं. 2007 साली तेच कार्ड 28 लाख डॉलरना गेलं. त्याच्या कडा सरळ दिसाव्यात म्हणून कापल्या आहेत, अशी कुजबुज कितीतरी वर्षं होती. अखेर 2013 साली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी आपणच कडा कापल्याचं कोर्टात कबूल केलं, आणि लिलावातल्या खोट्या बोल्यांच्या प्रकरणात 2015 साली त्यांना वीस महिन्यांची शिक्षा झाली.

इथं आठवणींचा गोडवा थोडा बाजूला ठेवायला हवा. या कार्डाचा पाठपुरावा करणारं पुस्तक 2007 साली आलं, ते मायकेल ओकीफ आणि टेरी थॉम्पसन या न्यूयॉर्कच्या दैनिकातल्या पत्रकारांनी लिहिलेलं, छंदाच्या मासिकांतल्या कुणी नाही. छंदाच्या मासिकांची गोम अशी, की त्यांचा खर्च वर्गणीतून निघत नसे, जाहिरातींतून निघत असे, आणि पानभर जाहिरात देणारा व्यापारीच कडा कापत असेल तर संपादक काय लिहिणार? टपालानं मागवलेलं ‘मिंट’, म्हणजे अगदी कोरं, कार्ड हातात आल्यावर मऊ कोपऱ्यांचं निघणं हा त्या काळचा नित्याचा अनुभव. स्लॅब जन्माला आला तो लोकांचा जाहिरातीच्या शब्दावरचा विश्वास उडाला म्हणून. जुनी मासिकं निर्मळ होती असं कुणी सांगू लागलं, तर ती गोष्ट अर्धी ऐकावी.

आणि मग ‘ओल्ड कार्डबोर्ड’. मासिकं इंटरनेटनं मारली, असं सरसकट म्हटलं जातं. पण लायमन हार्डमन यांनी हे त्रैमासिक सुरू केलं 2004 साली, म्हणजे ईबे नऊ वर्षांचं झाल्यावर. फक्त जुन्या कार्डांना वाहिलेलं, गुळगुळीत कागदावर रंगीत छपाईचं. भाव सांगणं हा त्याचा उद्देशच नव्हता. एखादा विस्मृतीत गेलेला संच, तो कोणत्या बेकरीनं किंवा मिठाईवाल्यानं काढला, किती कार्डं ज्ञात आहेत, कोणती अजून सापडायची आहेत, असे लेख. म्हणजे बर्डिकचाच प्रश्न, फक्त सायक्लोस्टाइलऐवजी चांगल्या कागदावर. पुढच्या दशकात त्याचीही छपाई थांबली, पण इंटरनेट आल्यावरही असं मासिक निघू शकतं आणि वर्षानुवर्षं चालू शकतं, हे त्यानं दाखवून दिलं.

मग जागा कुणी घेतली? ती घेतली लिलावाच्या कॅटलॉगांनी, असं माझं मत आहे. हे कॅटलॉग जाड, रंगीत, उत्तम छापलेले, आणि बोली लावणाऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी आपणहून येणारे. त्यांत एकेका कार्डावर पान-दोन पानं मजकूर असे, आणि तो अभ्यासू असे. संग्राहक ते पुस्तकांसारखे कपाटात लावत. ज्यांच्यावर पुढं खटला झाला त्या मास्ट्रो यांच्या कंपनीचे कॅटलॉगही असेच जपले गेले. त्रैमासिकाला जाहिरात देणारी लिलाव-कंपनी स्वतःच प्रकाशक झाली, तेव्हा त्रैमासिकाला उरलं काय? अडचण एवढीच, की कॅटलॉगमधला प्रत्येक परिच्छेद एका हातोड्याकडे चाललेला असतो. जे विकायला आलेलं नाही त्याच्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. फाटक्या कोपऱ्याच्या कॉमनला तिथं जागा नाही, आणि ‘मी हे पाहिलेलं नाही, तुम्ही पाहिलंय का?’ हे वाक्य तर तिथं येऊच शकत नाही.

पैशाचं बोलायचं तर 2022 च्या ऑगस्टमध्ये वॅग्नरचं एक कार्ड साडेबाहत्तर लाख डॉलरना गेलं, आणि त्याच महिन्यात टॉप्सनं 1952 साली काढलेलं मिकी मँटलचं कार्ड एक कोटी 26 लाख डॉलरना. टॉप्सचे साय बर्गर सांगत, की या 1952 च्या संचाचा न विकलेला माल त्यांनी 1960 साली बार्जमध्ये भरून समुद्रात बुडवला, कारण कुणी फुकटही घेईना. त्या वर्षी बर्डिक अजून कार्डं चिकटवत होता.

आठवणी काढणाऱ्यांना मी एक गोष्ट मनापासून मान्य करतो. या मासिकांनी अनोळखी माणसांत लेखी व्यवहाराची एक रीत लावली. आधी चेक पाठवायचा, महिनाभर थांबायचं, आणि पाकीट येणार यावर विश्वास ठेवायचा. 1980 साली लॉस एंजेलिसमध्ये संग्राहकांचं पहिलं राष्ट्रीय संमेलन भरलं, तेव्हा दहा-दहा वर्षं पत्रव्यवहार असलेल्यांपैकी कितीतरी जण एकमेकांना प्रथमच भेटले, आणि त्यांनी एकमेकांना ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही, छातीवरच्या चिठ्ठीतल्या गावाच्या नावावरून. आपल्याकडे संदीप पाटील यांचं ‘एकच षटकार’ हे नियतकालिक ज्यांनी हातोहात फिरवलं, त्यांनाही वाचकांची अशी अदृश्य बिरादरी ठाऊक आहे.

राहिला प्रश्न अंकांचा. कार्डं जपली गेली. स्लॅबमध्ये, तिजोऱ्यांत, म्युझियममध्ये. अंक मात्र स्वस्त कागदावर छापलेले, जाहिरातींसाठी कापलेले, पिनांच्या गंजानं खाल्लेले. संग्राहक वारला की वारस कार्डं लिलावाला देतात आणि मासिकांचे गठ्ठे कचऱ्यात. बर्डिकनंतरच्या पन्नास वर्षांत कोणतं कार्ड कधी, कुठं, कुणाला पहिल्यांदा सापडलं याची नोंद दुसरीकडे नाही. नवे अभ्यासक आता त्याच नोंदी पुन्हा शोधायला बसले आहेत.

न्यू जर्सी, शिकागो, ह्यूस्टन अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींना म्हणून एक विनंती. शनिवारी सकाळी शेजारच्या गॅरेज सेलला जाल, तेव्हा टेबलाखालच्या खोक्यात बेसबॉलच्या कार्डांविषयीचे पिवळे पडलेले अंक दिसले, तर पन्नास सेंट देऊन उचला. तुम्हाला बेसबॉलमधलं काही कळत नसलं तरी चालेल. जाहिरातींची पानं उघडून बघा, आणि समासात पेन्सिलीनं काही लिहिलेलं असलं तर ते खोडू नका.